विश्लेषण : ‘कुंकू’ ते ‘आनंदी गोपाळ’… परंपरेच्या नावाखाली स्त्रियांवर झालेला अन्याय सिनेमाने कसा मांडला? कायदा कुठवर पोहोचला?

कल्याणच्या जोशी घराण्यात वाढलेल्या यमुनेचे लग्न १८७४मध्ये झाले, तेव्हा ती अवघी नऊ वर्षांची होती. नवरा बिजवर, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठा. आगगाडी ठाण्यापर्यंत येऊन तेव्हा २१ वर्षे झाली होती आणि कल्याणपर्यंत येऊन २० वर्षे. प्रवासाचा वेग बदलला होता, मुलीच्या लग्नाचे वय मात्र जिथल्या तिथे होते. हीच यमुना पुढे डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून ओळखली गेली आणि २०१९मध्ये तिची गोष्ट ‘आनंदी गोपाळ’ या नावाने पडद्यावर आली.

या चित्रपटाला सामाजिक विषयावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. याआधी ‘दोघी’ (१९९५) आणि ‘जोगवा’ या मराठी चित्रपटांनाही याच गटातील राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आहे. तिन्ही चित्रपटांच्या केंद्रस्थानी धर्म, रूढी किंवा देवाचे नाव पुढे करून बाईवर लादलेले आयुष्य आहे. असे चित्रपट नेमके काय सांगतात, काय सांगायचे टाळतात, त्यांना विरोध का होतो आणि त्यात दाखवलेल्या प्रश्नांवर कायदा आज काय म्हणतो, याचा हा आढावा.

‘आनंदी गोपाळ’ची गोष्ट काय आहे?

गोपाळराव जोशी टपाल खात्यात नोकरीला होते. बायकोला शिकवायचेच, हा त्यांचा हट्ट होता. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि तो अवघ्या दहा दिवसांत दगावला. स्त्रियांवर उपचार करणारी स्त्री डॉक्टर असायला हवी, हा त्यांचा निर्धार या घटनेनंतर पक्का झाला. पुरुष डॉक्टरकडून तपासून घ्यायला त्या काळच्या बायका तयार नसत आणि घरचेही तयार नसत. ‘लाजेपायी जीव जाणे’ हा तेव्हा केवळ वाक्प्रचार नव्हता.

अमेरिकेला जाण्याआधी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, आनंदीबाईंनी बंगालमधील श्रीरामपूर येथे जाहीर भाषण केले. परदेशगमन निषिद्ध मानणाऱ्या समाजाला त्यांनी आपण का जात आहोत हे सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असेही स्पष्ट केले. या ग्वाहीला दुहेरी संदर्भ होता. एकीकडे धर्म बुडाला म्हणणारे स्वकीय होते. दुसरीकडे, अमेरिकेत शिकायचे तर ख्रिस्ती व्हावे, अशी अपेक्षा गोपाळरावांशी पत्रव्यवहार करणाऱ्या मिशनऱ्याने ठेवली होती. बाईने काय शिकावे, हे ठरवण्याचा हक्क दोन्ही बाजूंना आपलाच वाटत होता.

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियातील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाची पदवी त्यांना मिळाली. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधील स्त्रियांच्या विभागाची जबाबदारीही त्यांना देऊ करण्यात आली. मात्र क्षयाने त्यांना गाठले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

चित्रपटात काय राहून जाते?

समीर विद्वांस दिग्दर्शित चित्रपटात ललित प्रभाकर आणि भाग्यश्री मिलिंद यांनी गोपाळराव व आनंदी साकारले आहेत. गोपाळरावांचा विक्षिप्तपणा आणि हट्ट पडद्यावर दिसतो. पण चित्रपटाचा सूर एका जगावेगळ्या सहजीवनाचा आहे आणि प्रेक्षक तोच घेऊन बाहेर पडतो.

आनंदीबाईंनी अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेल्या पत्रांत आणखी एक बाजू सापडते. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी झालेली मारहाण, बाराव्या वर्षी अंगावर भिरकावलेली पुस्तके आणि खुर्च्या, चौदाव्या वर्षी सोडून जाण्याच्या धमक्या यांचा हिशेब त्यांनी पतीसमोर मांडला होता. हे वागणे योग्य होते की अयोग्य, हे सांगणे अवघड असल्याचेही त्या लिहितात. कारण त्या सक्तीतूनच त्या शिकल्या होत्या.

म्हणजे अन्याय करणारा सनातनी आणि न्याय देणारा सुधारक, अशी सोपी विभागणी इथे चालत नाही. बायकोला चूल सोडून पुस्तक घ्यायला लावणारा नवराही तिला मारत होता आणि दोन्ही निर्णय त्याचेच होते. या प्रकारचा चित्रपट बघताना म्हणूनच एक प्रश्न उपयोगी पडतो : गोष्टीतल्या बाईला स्वतःचा निर्णय कितीदा घेता आला?

नवऱ्याची साथ नसती तर?

याचे उत्तर त्याच काळातल्या मुंबईत मिळते. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. नवरा दादाजी भिकाजी यांनी १८८४मध्ये दावा लावला. १८८५मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर खटला पुन्हा चालला आणि १८८७मध्ये आदेश झाला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली.

‘केसरी’सह अनेक वर्तमानपत्रांनी हा धर्मावरचा घाला ठरवला. अखेर १८८८मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी अनेक वर्षे सुरत व राजकोट येथे रुग्णसेवा केली. या खटल्याच्या गदारोळातून पुढे आलेल्या चर्चेचा एक परिणाम म्हणजे १८९१चा संमतिवयाचा कायदा. त्याने संमतीचे वय दहावरून बारा वर्षे केले. आज ही वाढ किरकोळ वाटते, पण त्या दोन वर्षांसाठी महाराष्ट्र दुभंगला होता. अनंत महादेवन यांचा ‘डॉक्टर रखमाबाई’ (२०१६) हा चित्रपट याच खटल्यावर आहे. त्यात तनिष्ठा चॅटर्जी यांची मुख्य भूमिका आहे.

१९३७च्या ‘कुंकू’ने वेगळे काय केले?

प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘कुंकू’ हा ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारित होता. ‘दुनिया न माने’ ही त्याची हिंदी आवृत्ती. मामाने पैसे घेऊन लावलेल्या लग्नात तरुण नीरेच्या वाट्याला म्हातारा विधुर येतो. नीरा रडत बसत नाही आणि पळूनही जात नाही. त्याच घरात राहून ती हे लग्न मानायला नकार देते. शांता आपटे यांची नीरा आजही जुनी वाटत नाही, ती या ठाम नकारामुळे.

केशवराव दाते यांनी साकारलेले काकासाहेबही खलनायक नाहीत. समाजाने दिलेली मुभा वापरणारा हा सभ्य गृहस्थ आहे आणि आपण काय केले, हे त्याला हळूहळू उमगत जाते. चित्रपटात पार्श्वसंगीत टाळून घड्याळाची टिकटिक, भांड्यांचे आवाज असे घरातलेच ध्वनी वापरले आहेत. काकासाहेबांच्या समाजसेविका मुलीची भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली. प्रत्यक्ष आयुष्यातही त्या संततिनियमनाचे काम करत होत्या.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर ‘कुंकू’ महत्त्वाचा मुद्दा मांडतो. बालविवाह प्रतिबंधक कायदा, म्हणजेच ‘सारडा कायदा’, १९३०मध्ये लागू झाला होता. त्यानुसार मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ होते. नीरा त्याहून मोठी आहे. म्हणजे हे लग्न कायद्याच्या चौकटीत बसते, तरीही ते तिच्या मनाविरुद्ध आहे. वयाची अट पूर्ण झाली की प्रश्न संपत नाही, हे ‘कुंकू’ने ८० वर्षांहून अधिक काळापूर्वी दाखवले.

विधवेची गोष्ट पडद्यावर कशी आली?

हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला १८५६मध्ये कायद्याने मान्यता मिळाली. पण केशवपन, आलवण आणि माजघराच्या कोपऱ्यातले आयुष्य पुढे कित्येक दशके चालूच राहिले. १८९०मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला होता. वस्तरा हातात असलेल्यांनीच नकार देणे, हा निषेधाचा अत्यंत परिणामकारक मार्ग होता.

जयवंत दळवी यांच्या ‘बॅरिस्टर’ नाटकावरून विजया मेहता यांनी १९८५मध्ये ‘रावसाहेब’ हा हिंदी चित्रपट केला. तरुण विधवेशी सुधारणेच्या गोष्टी करणारा बॅरिस्टर कृतीची वेळ आली की माघार घेतो. त्याच घरात आधीच्या पिढीची एक विधवा मावशी आहे. या भूमिकेसाठी विजया मेहता यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘दोघी’ शहरी वाड्यातून दुष्काळी गावात जातो. गौरीच्या लग्नाच्या दिवशीच अपघातात नवरदेव दगावतो, वडील अंथरुणाला खिळतात आणि गाव तिला अपशकुनी ठरवते. कोणताही ग्रंथ असे सांगत नाही, कोणी धर्मगुरू निकाल देत नाही. ‘पांढऱ्या पायाची’ हा एक शब्द पुरेसा होतो. पुढे घर चालवण्यासाठी गौरीला मुंबईत देहविक्रयात ढकलले जाते आणि तिच्या पैशावर जगणाऱ्यांनाच तिची लाज वाटते. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी यांनी यात बहिणींच्या भूमिका केल्या आहेत.

हा विषय इतिहासजमा झालेला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे हे प्रकार थांबवण्याचे गावाने ठरवले. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचे अनुकरण करण्याचे आवाहन करणारे परिपत्रक काढले. सिनेमात ‘कुंकू’ येऊन गेल्यानंतर ८५ वर्षांनी कुंकू पुसण्याविरोधात ग्रामसभेला ठराव करावा लागला.

‘जोगवा’ने कोणता प्रश्न मांडला?

राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवर आधारित, राजीव पाटील दिग्दर्शित ‘जोगवा’ यल्लम्माला मुले सोडण्याच्या प्रथेवर आहे. केसांत जट आली म्हणून सुलीला देवीला सोडले जाते. तायप्पाला साडी नेसवून जोगता केले जाते. मुक्ता बर्वे आणि उपेंद्र लिमये यांनी या भूमिका केल्या. चित्रपटाला पाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. त्यात लिमये यांचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा आणि अजय-अतुल यांचा संगीताचा पुरस्कार होता. मात्र गाणी घरोघरी पोहोचली, त्या प्रमाणात विषय पोहोचला का, हा प्रश्न उरतोच.

जट म्हणजे केसांचा गुंता. केसांची निगा न राखल्याने तो होतो. त्यात ‘देवीचे बोलावणे’ पाहिले की सोडवण्याऐवजी पूजा सुरू होते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे कार्यकर्ते आजही महिलांची समजूत घालून जट कापून देतात. अनेक किलोंचा भार मानेवर घेऊन वर्षे काढलेल्या बायका त्यानंतर प्रथमच नीट झोपल्याचे सांगतात.

देवदासी प्रथेविरोधात मुंबई प्रांतात १९३४मध्ये कायदा झाला होता. कर्नाटकाने १९८२मध्ये आणि महाराष्ट्राने २००५मध्ये स्वतंत्र कायदा केला. तीन कायद्यांची गरज पडते, याचा अर्थ पहिल्या कायद्याने काम झाले नव्हते. यात लक्षात घ्यायची बाब म्हणजे देवीला सोडल्या जाणाऱ्या मुली प्रामुख्याने दलित आणि गरीब घरांतल्या होत्या. प्रथा धर्माची असली तरी तिचा भार जातीनुसार वाटला गेला.

मुस्लीम समाजातील प्रश्नांवर काय आले?

बी. आर. चोप्रा यांच्या ‘निकाह’ने (१९८२) तोंडी तलाकचा विषय लोकप्रिय हिंदी सिनेमात आणला. त्यानंतर तीनच वर्षांनी, २३ एप्रिल १९८५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने शाहबानो प्रकरणात पोटगीचा निकाल दिला. या प्रकरणावरून प्रेरित ‘हक’ हा यामी गौतम आणि इम्रान हाश्मी यांचा चित्रपट नोव्हेंबर २०२५मध्ये प्रदर्शित झाला.

मात्र ही लढाई महाराष्ट्रात त्याआधीच सुरू झाली होती. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लीम महिलांनी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरोधात मुंबईत विधान भवनावर मोर्चा नेला. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या दलवाई यांनी १९७०मध्ये पुण्यात मुस्लीम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. अभिनेत्री ज्योती सुभाष यांनी त्यांच्यावर माहितीपट केला असून त्यात नसीरुद्दीन शाह यांचा सहभाग आहे.

तिहेरी तलाक २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवला आणि २०१९मध्ये त्याविरोधात कायदा झाला. कायदा मंजूर झाल्यानंतर काही दिवसांतच ठाणे जिल्ह्यातील मुंब्रा पोलीस ठाण्यात या कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. राज्यातील अशा सुरुवातीच्या गुन्ह्यांपैकी तो एक होता. व्हॉट्सअॅपवरून तलाक दिल्याची ती तक्रार होती. साधन आधुनिक होते, अधिकार मात्र जुनाच गाजवला जात होता.

अन्याय फक्त गावांत आणि इतिहासातच?

लोकलने ये-जा करणाऱ्या, सुशिक्षित म्हणवणाऱ्या पट्ट्यात असे काही घडत नाही, हा समज चुकीचा आहे. कंजारभाट समाजातील काही तरुणांनी नववधूच्या कौमार्य चाचणीविरोधात समाजमाध्यमांवरून मोहीम सुरू केली. जानेवारी २०१८मध्ये पिंपरीत या मोहिमेतील तरुणांना एका लग्नात मारहाण झाली. २०१९मध्ये अंबरनाथमध्ये या प्रथेला विरोध करणाऱ्या कुटुंबावर बहिष्कार टाकल्याच्या तक्रारीवरून जातपंचायतीच्या लोकांवर गुन्हा दाखल झाला. कल्याणहून अंबरनाथ तिसरे स्थानक आहे.

या तक्रारीसाठी वापरला गेलेला सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्राने २०१६मध्ये केला. बहिष्काराविरोधात असा स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य ठरले. कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

बालविवाहाचेही तसेच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के महिलांचे लग्न १८ वर्षांच्या आत झाले होते. आधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण २६.३ टक्के होते. घट आहे, पण आजही साधारण पाचातली एक. यमुनेच्या लग्नाला दीड शतक उलटल्यावरची ही स्थिती आहे.

इतर देशांत असे चित्रपट झाले का?

झाले, आणि ते कुठल्याही एका धर्मापुरते नाहीत.

- ‘द मॅग्डलीन सिस्टर्स’ (२००२) : आयर्लंडमध्ये ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या मुलींना कॅथलिक संस्थांच्या धुलाईघरांत राबवले जाई. यातले शेवटचे धुलाईघर १९९६मध्ये बंद झाले. २०१३मध्ये आयर्लंडच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली.
- ‘द स्टोनिंग ऑफ सोराया एम.’ (२००८) : इराणमधील एका गावात नवऱ्याने रचलेल्या खोट्या आरोपावरून स्त्रीला दगडांनी ठेचून मारल्याची गोष्ट.
- ‘वाज्दा’ (२०१२) : सायकल हवी असलेल्या सौदी मुलीची कथा. दिग्दर्शिका हैफा अल-मन्सूर यांना रस्त्यावरच्या चित्रीकरणात व्हॅनमध्ये बसून वॉकीटॉकीवरून सूचना द्याव्या लागल्या, कारण पुरुषांमध्ये उघड वावरणे त्यांना शक्य नव्हते.
- ‘गेट’ (२०१४) : इस्रायलमध्ये नवऱ्याने संमती दिल्याशिवाय धार्मिक न्यायालय ज्यू स्त्रीला घटस्फोट देत नाही. जवळपास संपूर्ण चित्रपट त्या न्यायालयाच्या खोलीत घडतो.

चारही चित्रपटांत एक सूत्र समान आहे. नियम आम्ही केलेले नाहीत, वरून आलेले आहेत, असे निवाडा करणारे सांगतात.

मग विरोध का होतो?

दीपा मेहता यांच्या ‘वॉटर’चे वाराणसीतील चित्रीकरण २०००मध्ये सेटची मोडतोड झाल्यानंतर थांबले. विषय होता १९३८मधील विधवाश्रमाचा. अखेर चित्रपट श्रीलंकेत पूर्ण झाला, २००५मध्ये प्रदर्शित झाला आणि कॅनडाच्या वतीने ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. अलीकडचे उदाहरण ‘फुले’चे. जोतिराव आणि सावित्रीबाईंवरील हा हिंदी चित्रपट ११ एप्रिल २०२५ला येणार होता. काही संघटनांच्या आक्षेपांनंतर तो २५ एप्रिलला आला आणि सेन्सॉर मंडळाने त्यातील जातीविषयक उल्लेखांत बदलही सुचवले.

याच विषयावर आचार्य अत्रे यांनी १९५४मध्येच ‘महात्मा फुले’ हा चित्रपट केला होता. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. आज कल्याणच्या नाट्यगृहाला अत्रे यांचे नाव आहे आणि डोंबिवलीच्या नाट्यगृहाला सावित्रीबाई फुले यांचे. नावाला कोणाचा आक्षेप नाही. शेण आणि दगड मारणारे कोण होते, हे पडद्यावर आले की आक्षेप सुरू होतात.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र तपासून घेण्यासारखा आहे. असे चित्रपट एखाद्या संपूर्ण समाजाला बदनाम करतात का? करू शकतात. दुसऱ्याच्या धर्मातील अन्याय बघायला प्रेक्षक उत्सुक असतो आणि आपल्या धर्मातला आला की ‘हे जुने झाले’ म्हणतो. चांगल्या चित्रपटाची एक खूण अशी, की त्यात अन्याय करणारे जसे त्या समाजातले असतात, तसे त्याविरुद्ध उभे राहणारेही त्याच समाजातले दिसतात. रखमाबाई, वस्तरा खाली ठेवणारे नाभिक, विधान भवनावर गेलेल्या सात महिला आणि पिंपरीत मार खाल्लेले तरुण हे सगळे आतलेच होते.

कायद्यांचा प्रवास एका नजरेत

- १८२९ : बंगाल प्रांतात सतीबंदी, पाठोपाठ इतर प्रांतांतही बंदी
- १८५६ : हिंदू विधवा पुनर्विवाहाला मान्यता
- १८९१ : संमतिवय दहावरून बारा
- १९२९ : सारडा कायदा; मुलीचे वय १४, मुलाचे १८ (१९३०पासून लागू)
- १९७८ : लग्नाचे किमान वय मुलीसाठी १८, मुलासाठी २१
- २००५ : महाराष्ट्र देवदासी प्रथा निर्मूलन कायदा
- २००६ : नवा बालविवाह प्रतिबंध कायदा
- २०१३ : महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा
- २०१६ : महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा
- २०१९ : तिहेरी तलाकविरोधी कायदा

सिनेमाने फरक पडतो का?

एका चित्रपटाने प्रथा बंद पडल्याचे उदाहरण दाखवता येणार नाही. ‘जोगवा’ येण्याआधीच देवदासीविरोधी कायदा झाला होता. ‘आनंदी गोपाळ’च्या कितीतरी आधी बालविवाह गुन्हा ठरला होता. मराठीत बहुतेक वेळा कायदा पुढे आणि सिनेमा मागे राहिला आहे.

तरीही कायद्याला जमत नाही ते एक काम सिनेमा करतो. जे वर्षानुवर्षे ‘असेच असते’ म्हणून चालत आले, त्याला तो अन्याय हे नाव देतो. तक्रार करण्यासाठी आधी तक्रारीसारखे काही घडले आहे, हे कळावे लागते. अंबरनाथच्या कुटुंबाला किंवा मुंब्र्याच्या महिलेला कायद्याचा उपयोग झाला, कारण त्यांनी पोलीस ठाण्याची पायरी चढली.

तक्रार कुठे करायची?

बालविवाह होत असल्याची माहिती १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर कोणालाही देता येते. गावात ग्रामसेवक आणि शहरात बाल विकास प्रकल्प अधिकारी हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून काम करतात. लग्न लागण्याआधी खबर मिळाली, तर न्यायालय ते थांबवण्याचा आदेश देऊ शकते. लग्न लावून देणारे पालक, भटजी किंवा काझी आणि सोहळ्याला मदत करणारे यांच्यावर गुन्हा दाखल होतो. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे आणि तातडीच्या मदतीसाठी ११२.

१८७४मध्ये कल्याणात यमुनेचे लग्न ठरले, तेव्हा शेजारपाजारच्या लोकांना जेवणाचे आमंत्रण असणार. आज तशी पत्रिका हातात पडली, तर जेवायला जाण्याआधी करायचा फोन फुकट आहे.